कुंकवात अडकलेलं कार्ड

आमच्या घरात दसऱ्याला एकही हत्यार पूजेतून सुटत नाही. कोयता, विळी, शिवणाचं मशीन, मिक्सर, मुलीचा लॅपटॉप, नवऱ्याची स्कूटर, सगळ्यांना हळद-कुंकू, अक्षता आणि झेंडूचं फूल. हत्यार कशाला म्हणायचं याबद्दल आत्याचा स्वतःचा कायदा आहे. ज्याने घरातलं माणूस काम करतं ते हत्यार. गेल्या दसऱ्याला कपाटातला माझा जुना डिजिटल कॅमेरा पाटावर आणून ठेवला तो तिनेच. मी शहाणी! कॅमेऱ्यात पाणी जायला नको म्हणून बॅटरी आणि मेमरी कार्ड आधीच बाहेर काढून बाजूला ठेवलं. आत्याला वाटलं, ही पण पूजेलाच मांडलीत. ओल्या कुंकवाचं बोट तिने बॅटरीला टेकवलं, कार्डाला टेकवलं आणि वर अक्षता टाकल्या.

"अगं आत्या, ते नाजूक असतं!" मी ओरडले.

"कनाला बोंबलतंस? देवाचाच हाय," ती म्हणाली आणि स्कूटरकडे वळली. मी पदराने कार्ड खसाखसा पुसलं, परत कॅमेऱ्यात सरकवलं आणि कपाट बंद केलं. विषय संपला असं मला वाटलं.

ही माझी सख्खी आत्या, वडिलांची थोरली बहीण. नवरा फार लवकर गेला म्हणून माहेरी आली ती कायमची. डोंबिवलीला लागून आमचं गाव होतं, भाताची शेती होती. आता त्या शेतावर सात मजली बिल्डिंग आहे आणि आम्ही आमच्याच शेतात चौथ्या मजल्यावर राहतो. आई-वडील गेल्यावर आत्या माझ्याकडे आली. म्हणजे मला तसं वाटतं. तिच्या मते मीच तिच्याकडे राहते.

आत्या धवलारीण आहे. आमच्या आगरी लग्नात भटजी असतो, पण त्याचं काम अर्ध्या तासाचं. खरं लग्न लावते ती धवलारीण, धवले गाऊन. आधी ती देवांना लग्नाचं आवतण देते. मग घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन बोलावते. मग जिवंतांची पाळी येते. हे सगळं पाठ, एक अक्षर कुठे लिहिलेलं नाही. ठाकुर्लीपासून टिटवाळ्यापर्यंत किती मांडवांत तिने नवऱ्या उभ्या केल्या असतील ते तिलाही सांगता येणार नाही. आणि माझी मुलगी जन्मली त्या दिवसापासून तिचं एकच पालुपद होतं, हिचा धवला मीच गाणार.

गणपतीपासून तिचा आवाज बसलेला. आरत्यांनी बसला असेल म्हणून आम्ही गुळण्या करायला लावल्या, ज्येष्ठमध चघळायला दिलं. दिवाळी झाली तरी आवाज सुटेना आणि गिळताना दुखायला लागलं तेव्हा कुठे तिला ठाण्याला मोठ्या डॉक्टरांकडे नेलं. गाठ होती. साधी नव्हती. डॉक्टर भला माणूस, त्याने आडपडदा न ठेवता सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचायची आशा चांगली आहे, आवाज मात्र राहणार नाही.

आत्याने पथ्य विचारलं नाही की किती दिवस राहावं लागेल ते विचारलं नाही. "पोरीच्या लग्नान गाता ईल का?" एवढंच विचारलं. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला लागले.

लग्न ठरलेलं होतं, पण वैशाखात. जावई जहाजावर नोकरीला, चैत्राशिवाय उतरणार नव्हता. ऑपरेशन तोवर थांबवायचं का, असं मी विचारलं तर डॉक्टर थोडे चिडलेच. परत आल्यावर बिल्डिंगच्या गेटपाशी रिक्षातून उतरताना आत्या म्हणाली, "मग आताच गातंय. तू भरून ठेव." कॅसेट भरायचो त्या काळातला तिचा शब्द.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं, फोन काढायचा आणि रेकॉर्ड करायचं. तिथेच तर घोडं अडलेलं. मागे एका भाच्याच्या हळदीत कुणा कार्ट्याने आत्याला गाताना फोनवर टिपलं, धवल्याखाली धांगडधिंग्याचं म्युझिक घातलं, तिच्या डोळ्यांवर काळा गॉगल चिकटवला आणि सोडून दिलं. गावभर फिरलं ते. लोक हसून हसून बेजार. शेवटी कुणीतरी कौतुकाने आत्यालाच दाखवलं. ती हसली नाही, रडलीही नाही. पण त्या दिवसापासून तिच्या तोंडासमोर फोन धरायची कुणाची हिंमत झाली नाही. "फोनान गेला का गावभर गेला," हे तिचं ठाम मत. त्या कार्ट्याचं नाव मला आजही आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. कॅमेऱ्याचं मात्र तिला वावडं नव्हतं. कॅमेऱ्यात गेलेलं कॅमेऱ्यातच राहतं, असा तिचा हिशेब, आणि तो चुकीचाही नव्हता.

दुसरी अट त्याहून भारी. "मांडव नाय, उंबर नाय, नवरी नाय, आन धवला गाऊ? माना येडी समजलंस?"

मग चौथ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये मांडव घातला. नवऱ्याने रंगाच्या चार रिकाम्या डब्यांत रेती भरून बांबू रोवले. आंब्याचे टहाळे मार्केटात मिळाले. उंबराची फांदी मात्र ठाकुर्लीला रेल्वेच्या जुन्या चाळींमागून तोडून आणली. नवरा ती खांद्यावर घेऊन लिफ्टकडे निघाला तेव्हा वॉचमन म्हणाला, "शादी है क्या साहब, बताया नहीं." पोरीने ठाण्याच्या ऑफिसातून अर्धी सुट्टी घेतली, अंगाला हळद लावली आणि हॉलमध्ये पाटावर बसली. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याला ॲडमिट करायचं होतं. डॉक्टर बजावून म्हणालेले, फार बोलू देऊ नका. म्हणजे एकदाच गायचं, तालीम नाही, परत नाही. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी ते बोलून दाखवत नव्हतं.

सुरू करण्याआधी आत्याने झडती घेतली. सगळ्यांचे फोन गोळा करून तांदळाच्या डब्यात ठेवले आणि डबा स्वयंपाकघरात. पोरगी हळूच मला म्हणाली, "आई, माझा ऑफिसचा फोन आहे अजून, तो उंबराच्या फांदीत लपवू का?" मी डोळे वटारले. मरणाच्या दारातल्या बाईला फसवायचं नाही, एवढी अक्कल मला होती. अक्कल नव्हती ती दुसऱ्या बाबतीत. बॅटरी मी रात्रभर चार्ज केली, लेन्स मऊ फडक्याने पुसली, कॅमेरा स्टुलावर पुस्तकांची चवड रचून नीट बसवला. पण एकदा बटण दाबून एक फोटो काढून बघावं, हे काही सुचलं नाही.

आत्याने डोळे मिटले आणि गणपतीचं आवतण सुरू केलं. आवाज घोगरा, फाटका, पण सूर जागच्या जागी. मी बटण दाबलं. कॅमेरा टुंग करून वाजला. पडद्यावर अक्षरं आली, 'कार्ड लॉक्ड'.

परत दाबलं, परत टुंग.

"थांब गो आत्या, जरा थांब," मी म्हणाले. तिने डोळे उघडले, माझ्याकडे जळजळीत बघितलं आणि गातच राहिली. सुरू झालेला धवला मध्ये तोडत नाहीत. लग्न मोडल्यासारखं असतं ते. मला ते लहानपणापासून माहीत होतं, तरी मी थांब म्हणाले, इतकी मी घाबरलेले.

कॅमेरा घेऊन मी जमिनीवर बसकण मारली. खालचं झाकण उघडून कार्ड बाहेर काढलं. कार्डाच्या डाव्या कडेला एक बारीकशी पट्टी असते, नखाएवढी सुद्धा नाही. वर सरकवली की कार्ड उघडं, खाली सरकवली की कार्ड बंद. मग त्यावर काही नवीन भरता येत नाही. ती पट्टी खाली आलेली होती आणि तिच्या फटीत लालभडक कुंकू सुकून बसलेलं. दसऱ्याचं. मी कपाळावर हात मारला. कपाळावरही कुंकूच.

नखाने पट्टी वर ढकलली. कुंकवाची खपली निघाली, पट्टी वर गेली. कार्ड आत घातलं, बटण दाबलं. टुंग. लॉक्ड. बाहेर काढून बघितलं तर पट्टी परत खाली. मी दसऱ्याला खसाखसा पुसलेलं ना, तेव्हाच ती ढिली झालेली असणार. कार्ड आत ढकललं की खाचेच्या कडेला घासून ती आपोआप खाली यायची. परत वर केली, परत अलगद घातलं, श्वास रोखून. टुंग.

तिकडे गणपती झाला. आई एकवीरा झाली. गावदेवी झाली. पोरगी हळदीच्या अंगाने पाटावरून उठू शकत नव्हती, नुसती डोळे मोठे करून माझ्याकडे बघत होती. नवरा कानात म्हणाला, "मी खाली जाऊन नवीन कार्ड आणतो." दुपारचे दोन वाजलेले. डोंबिवलीत दुपारी दोनला दुकान उघडं सापडेल तर शप्पथ! तरी तो चपला न घालताच जिन्याने पळाला.

एकेक देव हातातून निसटत होता आणि मी कुणावर तरी ओरडावं म्हणून माणूस शोधत होते. आत्यावर ओरडता येत नव्हतं, ती गात होती. मग मी त्या कार्डालाच शिव्या घातल्या, मनातल्या मनात, आगरीत. आमच्या बोलीत शिव्यांना तोटा नाही.

शिव्या देता देता मी त्या खाचेकडे बघत होते आणि एकदम मला वडिलांच्या भजनाच्या कॅसेट आठवल्या. कॅसेटच्या पाठीला दोन बारीक प्लॅस्टिकचे तुकडे असायचे. ते मोडले की कॅसेटवर परत काही भरता यायचं नाही. आणि मोडलेल्या कॅसेटवर भरायचंच असेल तर आम्ही काय करायचो? त्या भोकावर चिकटपट्टी लावायचो. म्हणजे इथेही मशीनला एवढंच हवंय की ती खाच झाकलेली असावी. पट्टीने झाकली काय आणि कशाने झाकली काय!

मांडवाला तोरण चिकटवायला आणलेली चिकटपट्टी दाराशी पडलेली. एक तुकडा तोडून खाचेवर लावला. जाड झाला, कार्ड आत जाईना, अर्ध्यावर अडकलं. आता कॅमेराही गेला असं वाटलं. हलक्या हाताने कार्ड ओढून काढलं. दाताने चिकटपट्टीची बारीक चिंधी केली, सोनेरी रेघांना धक्का न लावता फक्त खाचेवरून फिरवली, नखाने दाबून गुळगुळीत केली. आत सरकवलं. बटण दाबलं.

टुंग आलं नाही. पडद्याच्या कोपऱ्यात लाल टिंब लुकलुकायला लागलं आणि सेकंद पळायला लागले.

तेव्हा आत्या देव संपवून गेलेल्या माणसांवर आली होती. माझ्या आजोबांना बोलावलं, आजीला बोलावलं. माझ्या वडिलांचं नाव घेतलं तेव्हा तिचा आवाज चिरला, माझ्या आईचं घेतलं तेव्हा परत सावरला. पण मी खरं सांगते, मी ऐकतच नव्हते. माझा सगळा जीव त्या लाल टिंबात. चिकटपट्टी सुटली तर? बॅटरी संपली तर? शेवटची ओळ संपून आत्याने हात जोडले तेव्हा मी बटण बंद केलं आणि तिथेच जमिनीवर आडवी झाले.

"आत गेला का?" आत्याने विचारलं.

"गेला. पण देव राहिले गो आत्या. सगळे देव राहिले," मी म्हणाले आणि रडायला लागले.

"जाव दे," ती म्हणाली. "देवाना बोलवाला गावान लय बाया हान. आपले मेलेले कोनाला ठावं हान?"

मग ती पाणी प्यायला आत गेली. नवरा घामाघूम होऊन रिकाम्या हाताने वर आला. पोरगी मात्र हळद धुवायला बाथरूममध्ये गेली ती बाहेरच येईना. दार वाजवलं तर आतून म्हणाली, "तू ऐकलंस ना आई, तिने काय केलं ते?"

काय केलं? मी कॅमेरा लॅपटॉपला जोडला, हेडफोन लावले आणि दिवेलागणीला बसून ऐकलं. आजोबा, आजी, माझे वडील, माझी आई. आणि त्यांच्या मागोमाग, जराही न थांबता, त्याच सुरात, आत्याने स्वतःचं नाव घेतलं होतं. मेलेल्यांच्या रांगेत स्वतःला उभं करून पोरीच्या लग्नाचं आवतण दिलं होतं.

माझं डोकंच फिरलं. आत्या तिच्या खोलीत हॉस्पिटलची पिशवी भरत होती. मी दारातच सुरू झाले. "हे काय केलंस तू? कुणी सांगितलं तुला असलं अभद्र करायला? डॉक्टर काय म्हणाला ऐकलं नाहीस?"

तिने लुगड्याची घडी पिशवीत दाबली. "बोलावल्याबिगर मेलेला मानूस मांडवान येत नाय," ती म्हणाली. "माना यवाचा हाय."

"आणि जगलीस तर?"

"तं तवाचा तवा बगू," असं म्हणून तिने पिशवीची चेन ओढली. हे तिचं माझ्याशी बोललेलं शेवटचं नीट वाक्य. सकाळी कल्याण-शिळ रस्त्याच्या ट्रॅफिकमधून ठाण्याला जाताना तिने तोंड उघडलं नाही. मीही उघडलं नाही, मी अजून रागावलेले होते. आज वाटतं, काय हा माझा मेला स्वभाव.

आत्या जगली. गळ्याला भोक, त्यावर पांढरं फडकं, आणि घरात भयंकर शांतता. भाजीत मीठ कमी पडलं की ती ताटावर चमचा आपटायची. मी आतल्या खोलीतून सवयीने "काय गो आत्या?" असं विचारायचे आणि मग मला आठवायचं.

लग्न जवळ आलं तशी ती रेकॉर्डिंगची पंचाईत उभी राहिली. चुलतकाकूला कळलं तर ती कानांवर हात ठेवून म्हणाली, "शिव शिव! जित्या माणसाला पितरांत बोलवायचं? भर मांडवात? अगं, ती जाईल ना त्याने!" मलाही तीच भीती होती, रात्री त्या भीतीने मला जाग यायची. पोरगी म्हणाली, "आई, एवढासा तुकडा आहे. मी कापते, कुणाला कळणार पण नाही." मी हो म्हणणारच होते, पण आत्याला न विचारता तिच्या आवाजाला कात्री लावणारी मी कोण? म्हणून तिच्यासमोर बसून विचारलं. तिने दोन बोटांची कात्री करून दाखवली, हेच ना? मी मान हलवली. तिने माझ्या हातावर फाडकन चापट मारली. विषय संपला.

लग्नाच्या दिवशी साउंडवाल्या पोराला मी आधीच दम दिलेला, "म्युझिक घातलंस तर तंगडं मोडीन." देवांचं आवतण गावच्या बायकांनी मिळून गायलं, थोडं इकडेतिकडे झालं, आत्याने तोंड वाकडं केलं. मग स्पीकरमधून तिचा आवाज आला आणि मांडवात बोलणाऱ्या बायका गप्प झाल्या.

गेलेल्या माणसांची नावं येतात तेव्हा प्रत्येक नावाला तांदळाची एक चिमूट केळीच्या पानावर ठेवायची, हा आमचा रिवाज आणि तो मान धवलारणीचा. आत्या सूप घेऊन नवरीच्या शेजारी बसलेली. आजोबांचं नाव आलं, एक चिमूट. आजी, एक चिमूट. माझे वडील. माझी आई. मला पुढचं नाव माहीत होतं. आता काही झालं तर मी स्वतःला माफ करणार नव्हते.

आत्याचं नाव आलं. चुलतकाकूने पदर तोंडात कोंबला. आत्याच्या बोटांत चिमूट तयार होती, हात पानाच्या वर होता. तो तिथून उठला आणि ते तांदूळ तिने नवरीच्या डोक्यावर टाकले. मग नवरीच्या गालावरची हळद बोटाने सारखी केली आणि पुढच्या नावासाठी सुपात परत हात घातला.

पण मेलेल्यांची नावं तिथेच संपली होती. आता जिवंतांची पाळी, आणि त्यात पहिली नवरीची आई. स्पीकरमधून आत्याच्या फाटक्या, घोगऱ्या आवाजात माझं नाव आलं. लहानपणी बांधावरून हाक मारायची तसंच, शेवटचं अक्षर लांबवून. आत्या समोर बसलेली, तोंड मिटलेलं, माझ्याकडे बघत होती. तो आवाज तिच्या गळ्यातून मला आता कधीच ऐकू येणार नव्हता. हाक आली की नवरीच्या आईने मांडवात पुढे यायचं असतं. मी उठले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी ओ दिली.